शिरोरेषेला पुरेल एवढी चौकट

डेस्कटॉपवरचा कोणताही प्रोग्रॅम उघडला की माणसाची गाठ पडते ती कंट्रोल्सशी. बटण, टिचकी मारायचा चेकबॉक्स, यादी उलगडणारा कॉम्बोबॉक्स, मजकूर भरायची पेटी, कडेची स्क्रोलबार. आतला हिशेब कितीही गुंतागुंतीचा असो, वापरणाऱ्यापर्यंत तो पोचतो या मोजक्या आकृत्यांमधून. कुठे दाबता येईल, काय निवडले गेले आहे, कोणती कृती सध्या बंद आहे, हे सारे त्या आकृत्यांच्या कडा, रंग आणि सावल्या सांगतात. या आकृत्यांचे रूप आपल्या गरजेप्रमाणे कसे घडवावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषयाचे नाव काढले की एक शंका हमखास निघते: बटणे गोल असोत की चौकोनी, काम झाल्याशी मतलब, मग रूपाची एवढी उठाठेव कशाला? रोमन लिपीत काम करणाऱ्याच्या तोंडी ही शंका शोभते, कारण हे कंट्रोल्स मुळात त्याच्या अक्षरांच्या मापाने बेतलेले आहेत. देवनागरीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला ते तसेच्या तसे वापरता येत नाहीत. त्याच्यासाठी रूप बदलण्याची सोय ही हौस नसून मूलभूत गरज आहे, आणि ती नीट भागवायची असेल तर रूप, मजकूर आणि वर्तन या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या बांधाव्या लागतात. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच.

पुरावा अगदी साधा आहे. ‘पूर्ववत’ हा शब्द घ्या. पहिल्या अक्षराला खाली दीर्घ ऊकार, दुसऱ्याच्या डोक्यावर रफार. एकाच शब्दात अक्षराची उंची दोन्ही दिशांनी वाढते. आता विंडोजमधली संवादचौकट कशी मोजली जाते ते पाहा. तिची मापे त्या चौकटीला नेमून दिलेल्या फाँटवरून ठरणाऱ्या एककांत दिलेली असतात. आडवे एकक म्हणजे अक्षरांच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग आणि उभे एकक म्हणजे फाँटच्या उंचीचा आठवा भाग. ही सरासरी रोमन मुळाक्षरांवरून काढतात. नेहमीचे बटण ५० बाय १४ एककांचे आणि नुसत्या मजकुराचे लेबल ८ एकके उंच, म्हणजे नेमकी त्या रोमन फाँटची एक ओळ. त्या फाँटमध्ये देवनागरी नसली की सिस्टिम दुसऱ्या फाँटमधून अक्षरे आणते. मंगलसारख्या देवनागरी फाँटची ओळ टाहोमासारख्या रोमन फाँटच्या ओळीपेक्षा बरीच उंच असते. चौकट मात्र तीच राहते. मग लेबलमधल्या ‘पूर्ववत’चा रफार तरी छाटला जातो किंवा ऊकार तरी. बटणात थोडी जास्त जागा असल्याने अक्षर कसेबसे मावते, पण मध्यावर बसत नाही. रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. त्यामुळे रोमनच्या मध्यावर जुळवलेला चेकबॉक्सचा चौकोन मराठी मजकुराशेजारी एका बाजूला सरकलेला दिसतो. यात प्रोग्रॅमरची हयगय असतेच असे नाही. त्याने तयार मापे घेतली आणि ती मापे दुसऱ्या लिपीची होती.

डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातल्या तालुक्यांत हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. तलासरी ओलांडले की गुजरात लागतो. वारली, मराठी, गुजराती आणि हिंदी या चारही भाषा इथल्या बाजारात सहज कानावर पडतात. दाखल्याचा अर्ज भरून देणारा, चिकूच्या पेट्यांची पावती फाडणारा, लग्नपत्रिका जुळवणारा, यांच्या संगणकावर मराठी आणि गुजराती शेजारी-शेजारी नांदतात. या दोन लिप्या एकाच कुळातल्या, पण गुजरातीला शिरोरेषा नाही. टूलबारवरचा मजकूर जरा ऐसपैस दिसावा म्हणून एखाद्याने थीममध्ये अक्षरांतले अंतर एक पिक्सेलने वाढवले, तर गुजराती लेबल खुलते आणि मराठी लेबलाची शिरोरेषा जागोजागी तुटून शब्दाचे तुकडे होतात. शॉर्टकट दाखवण्यासाठी अक्षराखाली रेघ ओढायची पद्धत रोमनमध्ये निर्धोक आहे. ‘दुरुस्ती’च्या पहिल्या अक्षराखाली तीच रेघ उकाराला छेदून जाते. म्हणून अनेक मराठी भाषांतरांत मेनूच्या शब्दापुढे कंसात रोमन अक्षर टाकून त्याच्याखाली रेघ देण्याचा तोडगा काढलेला दिसतो. सगळा मजकूर कॅपिटल करण्याची आज्ञा आपल्या लिपीत निरर्थक ठरते, आणि तिरप्या अक्षरांचा खरा घाट फाँटमध्ये नसला की सिस्टिम उभ्या अक्षरांनाच कलते करून मोकळी होते. म्हणजे एका थीममधले निर्णय सगळ्या लिप्यांना सारखे लागू पडत नाहीत. थीम लिपीनुसार बदलता आली पाहिजे, हा आग्रह इथून येतो.

मराठी संगणकाच्या इतिहासाने याच प्रश्नाची किंमत एकदा मोजलेली आहे. सीडॅकची स्थापना पुण्यात १९८८ मध्ये झाली, आणि तिच्या जिस्ट तंत्रामुळे भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आल्या. इस्की हे सांकेतिक मानक १९९१ मध्ये पक्के झाले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांत राज्य होते ते निराळ्याच व्यवस्थेचे. तिथल्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असे, डोळ्याला मात्र तो मराठी दिसे. प्रोग्रॅमर बटणाला तो फाँट लावे आणि बटणावर मराठी उमटे. तो फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की त्याच बटणावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे. यादीची अकारविल्हे लागत नसे, शोध चालत नसे, पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्यातून काही काढता येत नसे. कारण तिथे मराठी होती ती केवळ रूपात, मजकुरात नव्हतीच. त्या काळातल्या कारागिरांना मी दोष देत नाही. उपलब्ध साधनांत त्यांनी मराठी छपाई जिवंत ठेवली, वर्तमानपत्रे चालवली. पण रूपाला मजकुराचे काम करायला लावले की काय होते, याचा इतका ढळढळीत नमुना दुसरा मिळणार नाही.

ती कोंडी फुटली ती २००० च्या आसपास. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा सिस्टिमच जुळवू लागली. तिच्यासोबत आलेला मंगल हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला होता. सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक असलेल्या जोशींनी अक्षराचा विचार कागदापासून पडद्यापर्यंत नेला. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी भारतीय भाषांतल्या डेस्कटॉपचा पाया घातला, ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांचे मराठीकरण झाले, आणि रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फाँट खुल्या परवान्याखाली दिले. तरी एक बारकावा शिल्लक होता. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीतल्या वळणाहून वेगळे आहे, पण युनिकोडमध्ये दोन्हींना सांकेतिक क्रमांक एकच. कोणते वळण उमटवायचे हे फाँट ठरवतो, तेही समोरचा मजकूर मराठी आहे असे त्याला सांगितले तर. कंट्रोल रंगवणाऱ्या कोडने भाषेची ही खूण पुढे पोचवलीच नाही, तर मराठी खिडकीत हिंदी वळणाचा ‘ल’ बसतो. वाचणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. पण आपली अक्षरे आपल्या वळणाची असावीत एवढी अपेक्षा धरण्यात गैर काय आहे?

आता जगाकडे वळू, म्हणजे या क्षेत्राची घराणी लक्षात येतील. झेरॉक्स स्टार १९८१ मध्ये आणि ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला. मॅकिंटॉशने सगळ्या प्रोग्रॅममधली बटणे सारखी दिसावीत असा दंडक घातला, आणि नवख्या माणसाला संगणक वापरता आला त्यात या दंडकाचा मोठा वाटा आहे. १९८४ मध्येच एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने उलट टोक पकडले. पडद्यावर खिडक्या दाखवण्याची यंत्रणा तिने दिली, त्या कशा दिसाव्यात हे ठरवायचे टाळले. मोटिफसारखे कंट्रोल्सचे संच त्यावर उभे राहिले, आणि रंग, फाँट, कडा एका साध्या मजकूर-फाइलमधून बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला मिळाली. एकसारखेपणा मोठा की मोकळीक मोठी, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

मोकळिकीच्या बाजूची सर्वांत जुनी वाट म्हणजे कंट्रोल स्वतः रंगवणे. सिस्टिम म्हणते, आता हे बटण काढायचे आहे, ही घे जागा आणि ही त्याची अवस्था. प्रोग्रॅमर रेघन्‌रेघ काढतो. विंडोजमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे आणि आजही एखाद्या अवघड यादीतल्या ओळी रंगवायला ती उपयोगी पडते. तिची मेख अशी की दाबलेले, माउस वर आलेला, फोकस असलेले, बंद अशा साऱ्या अवस्था आपल्याला काढाव्या लागतात, आणि एक विसरली की वापरणारा अंधारात राहतो. दुसरी वाट स्किनची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस विनॲम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने ती घराघरांत नेली. बटणाचे चित्रच बदलायचे. चित्राचे नऊ भाग करून कोपरे तसेच ठेवायचे आणि मधले भाग ताणायचे, हे तंत्रही या वाटेवर रुळले, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीची निळी-हिरवी थीमही चित्रांवरच उभी होती. पण चित्राला माप असते. पडद्याचे प्रमाण १२५ टक्के केले की कडा धूसर होतात, आणि उंच मात्रांना जागा द्यायची म्हटले की चित्र पुन्हा काढावे लागते. देवनागरीच्या दृष्टीने ही वाट मला सर्वांत कमी कामाची वाटते, जरी तिने या विषयाला सर्वांत जास्त चाहते दिले.

खरे वळण आले ते रूप हा कंट्रोलपासून सुटा भाग मानला गेला तेव्हा. जावाच्या स्विंगने दिसणे आणि वागणे बदलता येणारे संच दिले, क्यूटी या संचाने शैलीसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण केला, जीटीके या संचात थीमची इंजिने आली. बटण दाबले गेले म्हणजे काय घडावे हे एका ठिकाणी, ते कसे दिसावे हे दुसऱ्या ठिकाणी. २००६ मध्ये याच विचाराच्या दोन पुढच्या पायऱ्या एकदम आल्या. क्यूटी ४.२ ने वेबवरच्या सीएसएससारखी शैलीपत्रे डेस्कटॉपवर आणली, आणि मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफने कंट्रोलला मुळात रूपच नसते अशी भूमिका घेऊन ते संपूर्णपणे साच्यावर सोपवले. २०११ च्या जीटीके ३ मध्येही सीएसएस आले. शैलीपत्र लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येण्याची अट उरली नाही. किमान उंची, आतली मोकळी जागा, फाँटचा क्रम हे सारे मजकुराच्या काही ओळींत लिहिता येऊ लागले, आणि मराठीसाठी वेगळे पत्र जोडणे दहा मिनिटांचे काम झाले. याउलट अलीकडच्या काही हलक्या संचांत प्रत्येक क्षणी सगळी खिडकी नव्याने रंगवतात. खेळांच्या आणि अवजारांच्या प्रोग्रॅममध्ये ते लोकप्रिय आहेत. त्यांतला सर्वपरिचित संच डिअर इमगुई हा जोडाक्षरे जुळवण्याच्या भानगडीतच पडत नाही. तिथे ‘क्ष’चे तुकडे होतात. वेग मिळवताना कोणाची लिपी बाहेर राहिली, हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे.

या साऱ्यावर तीन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की थीम बदलल्याने प्रोग्रॅम मोडतात. २०१९ मध्ये ग्नोमच्या परिसंस्थेतल्या काही विकसकांनी लिनक्स वितरणांना जाहीर पत्र लिहून, आमच्या ॲपवर परस्पर थीम लादू नका अशी विनंती केली. त्यांची तक्रार खरी होती. ज्याने ॲप तपासलेच नाही त्याने लावलेल्या रंगांमुळे मजकूर दिसेनासा होतो, आणि दोषाची तक्रार मात्र ॲपच्या कर्त्याकडे जाते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘रूपाला हात लावू नका’ असा नसावा. लेखकाने काही जागा बदलासाठी नावानिशी खुल्या ठेवाव्यात: रंगांची भूमिका, किमान उंची, फाँट, अंतर. बाकीचे बंद राहू द्यावे. लिपीला लागणारे बदल नेमके याच चार जागांत बसतात, त्यामुळे मराठी वापरणाऱ्याची गरज भागते आणि लेखकाची रचनाही शाबूत राहते. दुसरा आक्षेप एकसारखेपणाचा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी वर्गांतून गावोगावचे लोक संगणक शिकले ते ठरावीक दिसणाऱ्या बटणांवर. उठाव दिसतो ते दाबायचे, करडे आहे ते बंद. ही शिकलेली भाषा प्रत्येक प्रोग्रॅमने मोडली तर सर्वांत आधी अडतो तो नवशिका. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच अवस्थेच्या खुणांना हौसेखातर हात लावायचा नाही, हा नियम या पुस्तकात पहिल्यापासून पाळलेला आहे. तिसरा आक्षेप, डेस्कटॉपचा जमाना गेला. मोबाइलने पुष्कळ कामे नेली हे खरे. पण दिवसभर टंकणारे, हिशेब ठेवणारे, पाने लावणारे हात अजून कीबोर्डवरच आहेत. आठ तास एकाच खिडकीकडे पाहणाऱ्याला छाटलेली मात्रा जितकी खुपते तितकी मिनिटभर फोन पाहणाऱ्याला खुपणार नाही.

रंगांबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण नवशिका हात घालतो तो आधी तिथेच. वेबसाठीचे सुलभतेचे निकष डेस्कटॉपलाही उत्तम लागू पडतात: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५, आणि कंट्रोलच्या कडा व खुणांसाठी किमान ३. आपल्याकडे आवडीने वापरला जाणारा केशरी घ्या, लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. त्यावर पांढरी अक्षरे टाकली तर गुणोत्तर जेमतेम २.१ येते. उन्हाच्या तिरिपीत किंवा जुन्या पडद्यावर ते बटण वाचताच येत नाही. आता गेरूसारखा गडद तांबडा घ्या, लाल १३९, हिरवा ५८, निळा ४३. त्यावर पांढऱ्याचे गुणोत्तर साडेसातच्या वर जाते. डहाणूच्या पाड्यांवर गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे दुरूनही उठून दिसतात त्यामागचे गणित हेच आहे.

गेरू-पांढऱ्याचा उल्लेख आला की वारली चित्रांची थीम करावी असा मोह होणारच, आणि तशा गोष्टी होतही आल्या आहेत. इथे माझे मत ठाम आहे. वारली चित्रांतला चौक लग्नाच्या वेळी सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवीची स्थापना असते. गंजाडजवळच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आणि कापडावर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ज्या समाजाची ही कला त्याचा तिच्यावरचा हक्क आता नोंदलेला आहे. तारपा नाचणारी माणसे उचलून ‘ठीक आहे’च्या बटणावर चिकटवणे हे त्या समाजाला न विचारता केलेले काम होईल, आणि कंट्रोलच्या दृष्टीनेही चुकीचे, कारण मधल्या आकृतीने बटणाची अवस्था झाकली जाते. चित्रकारांच्या संमतीने आणि मोबदला देऊन पार्श्वचित्र करावे, त्याला माझा आनंदाने होकार आहे. कंट्रोलवर मात्र रंगांचा तोल घ्यावा, आकृती घेऊ नये. पुस्तकातली नमुना थीम याच मर्यादेत राहते, आणि ही मर्यादाच मला तिच्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

एका गटाकडे या विषयावरच्या लेखनात सहसा दुर्लक्ष होते. ज्यांना कमी दिसते किंवा अजिबात दिसत नाही, त्यांच्यासाठी बटणाचे रूप म्हणजे फक्त रंग नव्हे. एनव्हीडीएसारखा मोफत पडदावाचक प्रोग्रॅम सिस्टिमला विचारतो, इथे काय आहे? उत्तर ‘बटण, नाव जतन करा, सध्या बंद’ असे आले तर काम पुढे सरकते. हाताने रंगवलेल्या चौकोनाने हे उत्तर दिले नाही, तर डोळस माणसाला जे देखणे बटण दिसते तिथे अंध माणसासाठी कोरी जागा असते. हाय कॉन्ट्रास्ट थीम लावणाऱ्याचीही तीच गत. आपण रंग कोडमध्ये कायमचे लिहून टाकले असतील तर त्याने निवडलेले काळे-पिवळे रंग आपल्या खिडकीत शिरतच नाहीत. म्हणून रंग सिस्टिमला विचारून घ्यावेत आणि वर्तन सिस्टिमच्याच कंट्रोलकडे ठेवावे. रूप, मजकूर आणि वर्तन वेगळे ठेवण्याचा आग्रह इथे पुन्हा उपयोगी पडतो.

या पुस्तकाने सगळे क्षेत्र कवेत घेण्याचा दावा केलेला नाही. मॅकवरचे तंत्र त्यात ओझरते येते, वेबच्या चौकटीत बांधलेले डेस्कटॉप प्रोग्रॅमही थोडक्यात. भर आहे तो विंडोजवर, क्यूटी आणि जीटीकेवर, कारण स्वस्त आणि जुन्या यंत्रांवर मराठी वाचक ज्या साधनांपर्यंत पोचू शकतो ती हीच. प्रत्येक नमुना मराठी मजकुरावर तपासलेला आहे, आणि ‘पूर्ववत’, ‘दुरुस्ती’, ‘दुसऱ्या’, ‘क्षेत्र’ असे अवघड शब्द मुद्दाम निवडले आहेत. काही ठिकाणी गुजराती लेबले शेजारी ठेवून दोन लिप्यांचा फरक दाखवला आहे. वाचकाला प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असली तर बरे, पण शैलीपत्रांच्या भागासाठी तीही लागत नाही. डीटीपी करणाऱ्या, फाँट ओळखणाऱ्या माणसाने तो भाग आधी वाचावा. त्याची नजर अक्षरावर बसलेली असते आणि छाटलेला रफार त्याला प्रोग्रॅमरच्या आधी दिसतो. हाताने रंगवण्याचा भाग शेवटी ठेवला आहे. तिथपर्यंत येताना आपल्या रोजच्या वापरातल्या एखाद्या प्रोग्रॅमची खिडकी उघडावी, त्यातली मराठी लेबले एकेक करून पाहावीत, आणि कुठे मात्रा छाटली गेली, कुठे शिरोरेषा तुटली, कुठे फोकस दिसत नाही हे कागदावर मांडावे. त्या यादीतल्या बहुतेक गोष्टी किमान उंची, फाँटचा क्रम आणि आतली जागा यांनी सुटतात. न सुटणाऱ्या ज्या राहतील त्यांच्यासाठीच शेवटचा भाग लिहिलेला आहे.